ऋतूंच्या रंगातली पलटण एका टेबलावर जुळत का नाही: खानदेशी हवेतलं समस्या निवारण

फँटसी मिनिएचरची (टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या पुतळ्यांची) पलटण ऋतूंच्या रंगात रंगवायला घेतली की पहिली तुकडी झकास होते. पळसाच्या केशरी झग्यातले भालाईत फाल्गुनात होतात, पावसाळी हिरव्यातले तिरंदाज आषाढात, कापसासारख्या पांढऱ्या अंगरख्यातले घोडेस्वार दिवाळीनंतर. वर्षाअखेर सगळ्या तुकड्या एका टेबलावर मांडल्या की घोळ दिसतो. एकीचा पृष्ठभाग खरखरीत, दुसरीवर पांढुरकी साय, तिसरी चकचकीत, आणि चार हातांवरून पाहिलं तर सगळ्याच मातकट. पुढच्या वर्षी नव्या तुकडीचंही तेच.

खापर बहुतेक वेळा रंगाच्या बाटलीवर फुटतं. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा ठणठणीत कोरडी असते. दोन महिन्यांनी त्याच खोलीत मिठाला पाणी सुटतं. डब्यावरच्या सूचना मात्र वीस-बावीस अंशांची खोली धरून लिहिलेल्या असतात. तेव्हा रंगांचं प्रमाण वर्षभर एकच ठेवायचं आणि रंग लावायची रीत महिन्याप्रमाणे बदलायची. उलटं केलं, म्हणजे रीत तीच ठेवून रंगच पातळ-घट्ट करत राहिलं, की पलटण फाटते.

आधी तपासणी, मग उपाय

पांढुरकं दिसतंय म्हणून लगेच पुन्हा रंगवायला बसू नये. त्या जागी ओलं बोट लावा. ओलं असताना पांढरेपणा गायब झाला आणि वाळल्यावर परत आला, तर बिघाड वार्निशच्या थरात आहे आणि खालचा रंग शाबूत आहे. ओलं करूनही पांढरट राहिला, तर रंगच पांढरा पडलाय.

दुसरी परीक्षा काळ्या कापडाची. सुती काळ्या चिंधीने झग्याची पाठ दोनदा पुसायची. चिंधीवर रंगाची पूड आली तर रंगात बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारं द्रव्य) कमी पडलंय, म्हणजे पाणी फार झालंय किंवा रंग नीट जमायच्या आत वाळलाय. तिसरी नखाची, आणि ती पायाखाली, दिसणार नाही अशा जागी. रंग सालीसारखा निघाला आणि खाली स्वच्छ प्लास्टिक दिसलं तर ते हवेचं काम नाही, मिनिएचर धुतलेलीच नव्हती. साच्यातून निघालेल्या मिनिएचरवर साचा सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो, तो भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासल्याशिवाय जात नाही. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुणं आणि यूव्ही दिव्याखाली पुरतं कडक करणं, दोन्ही लागतं. हाताला किंचितही चिकट लागणाऱ्या रेझिनवर कुठलाच प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) टिकत नाही.

चौथी परीक्षा मोबाइलची: फोटो काढून तो काळा-पांढरा करायचा. ती रंगसंगतीसाठी, तिच्याकडे पुढे येऊ.

उन्हाळा: प्रायमर पॉलिशपेपरसारखा, वॉशचे डाग

होळीपासून मृग लागेपर्यंतची सगळ्यात मोठी तक्रार खरखरीत प्रायमरची. स्प्रेचे थेंब डब्यातून निघून मिनिएचरपर्यंत पोचेतो हवेतच वाळतात आणि पृष्ठभागावर ओला थर बसण्याऐवजी कोरडी धूळ बसते. चेहऱ्यावर आणि झग्याच्या आतल्या घडीत ती जास्त, कारण तिथे फवारा आडून जातो. वर कितीही गुळगुळीत रंग लावा, ड्रायब्रश केला (जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला) की सगळी धूळ उजळून उठते.

थंड हवेत २५ ते ३० सेंटीमीटरवरून मारतात, इथे एप्रिल-मेमध्ये १५ ते १८ वर यायचं. जवळ आल्यावर थर जाड होण्याची भीती असते, म्हणून बटण एका वेळी अर्धा सेकंद दाबायचं, फवारा मिनिएचरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि एका थरात झाकायचा हट्ट सोडायचा. पातळ तीन थर, मध्ये दहा-दहा मिनिटं. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात. डबा आदल्या रात्रीपासून घरात गार जागी असावा आणि मारण्याआधी पूर्ण दोन मिनिटं हलवावा. डब्यातली गोळी वाजायला लागली म्हणजे झालं असं नाही, तळाला बसलेला रंग सुटायला त्यानंतरच सुरुवात होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत डबा ठेवणं तर धोक्याचंच. दाबाच्या डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि मेमध्ये पत्र्याखाली ती गाठायला वेळ लागत नाही.

झालीच खरखर तर मिनिएचर सरळ सोलायला, म्हणजे सगळा रंग उतरवायला, घेऊ नका. थर हलका असेल तर ताठ केसांच्या कोरड्या टूथब्रशने सगळीकडून घासून सुटी धूळ काढायची, मग चकचकीत वार्निश थोड्या पाण्याने सैल करून ब्रशने एक हात द्यायचा. ते बारीक खड्डे भरतं. चेहऱ्यावरची रेघ बुजली असेल तरच सोलावं.

हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा प्रायमर स्वस्त पडतो आणि धातूच्या मिनिएचरवर चांगला बसतो, पण कडक प्लास्टिकवर त्यातला सॉल्व्हंट जाड थरात बारकावे खाऊ शकतो. आधी ज्या चौकटीतून तुकडे कापले तिच्या उरलेल्या दांडीवर मारून बघा आणि रात्रभर ठेवा.

ब्रशच्या कामात उन्हाळ्याचा त्रास वेगळा. रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, पट्टे उठतात, आणि माणूस वैतागून पाणी वाढवत जातो. पाणी वाढलं की बाइंडर विरळ होतो, रंग पूड होतो आणि ती काळ्या चिंधीवर येते. ओली पॅलेट हा इथे चैनीचा प्रकार नाही. घट्ट झाकणाचा चपटा डबा, त्यात पाऊण सेंटीमीटर जाडीचा स्पंज किंवा किचन टिश्यूच्या पाच घड्या, वर बेकिंगचा बटर पेपर. बाजारात त्याच नावाने मेणकट कागदही मिळतो आणि तो पाणी वर येऊच देत नाही. तुकडा ओल्या टिश्यूवर पाच मिनिटं ठेवायचा. कागद ओला, लवचीक आणि थोडा पारदर्शक झाला तर कामाचा. तसाच कोरडा-कडक राहिला तर पोळ्या गुंडाळायला वापरा.

पातळ करायला नुसत्या पाण्याऐवजी मिश्रण करून ठेवावं: आठ भाग डिस्टिल्ड वॉटर, दोन भाग ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला बाइंडर), एक भाग फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज पसरवणारं द्रव्य). डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं. बोअरचं पाणी वापरू नये. आपल्याकडचं बहुतेक बोअर जड पाण्याचं, त्यातले क्षार वॉश (घडीत सावली पाडणारा पातळ रंग) वाळल्यावर कडेला पांढरी रेघ सोडतात. रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य) घालायचा तर दहा थेंब रंगाला एक थेंब. दोन-तीन घातले की रंग दिवसभर चिकट राहतो आणि त्यावर घरातली सगळी धूळ येऊन बसते.

कूलर हा प्रश्नही नेहमी येतो. कूलरने खोलीतली हवा दमट होते, त्यामुळे ब्रशला जास्त वेळ मिळतो, म्हणून ब्रशकामाला कूलर चांगलाच, फक्त झोत अंगावर घ्यावा, टेबलावर नको. वार्निश मात्र कूलरच्या खोलीत लावू नका. पंखा बंदच.

आता वॉशचा डाग. झग्याच्या सपाट पाठीवर वॉशचं तळं साचतं. कोरड्या हवेत तळ्याची कड आधी वाळते, मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि जाताना रंगद्रव्य घेऊन जातं. वाळल्यावर मध्ये फिकट आणि भोवती गडद कड, चहाच्या कपाखाली उमटते तशी. इलाज असा: वॉश दोन भाग, मीडियम एक भाग, एका वेळी एकच घडी, लावल्यावर वीस-तीस सेकंदांनी ब्रश पुसून त्याच्या ओलसर टोकाने सपाट भागावरचं तळं टिपून घ्यायचं. अर्धवट वाळलेल्या वॉशला पुन्हा ब्रश लावणं म्हणजे साय मोडणं, तिथे ठिगळ पडतंच. डाग पडून गेला असेल तर मूळ रंग एक भाग आणि मीडियम-पाणी पाच भाग असं ग्लेझ (पारदर्शक पातळ थर) करून कडेवरून दोन-तीन हात द्यावेत.

पावसाळा: वार्निशवर साय

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की स्प्रेचे डबे कपाटात. पाऊस उघडला आणि दोन दिवस कडक ऊन पडलं तरच बाहेर. काही शे रुपयांचं आर्द्रतामापक टेबलावर ठेवलं की वाद मिटतो. ढोबळ नियम: ६० टक्क्यांच्या आत स्प्रे बिनधास्त, ६० ते ७५ मध्ये ब्रशनेच प्रायमर आणि ब्रशनेच वार्निश, ७५ च्या वर नुसता रंग लावा, वार्निश थांबवा.

साय का येते? स्प्रेतला सॉल्व्हंट झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. दमट हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर जमते आणि ओल्या वार्निशमध्ये अडकते. गडद रंगांवर ती भयंकर दिसते. पावसाळी तुकडी नेमकी गडद हिरवी-निळी, त्यामुळे सगळ्यात मोठा फटका तिलाच. पण साय आली की पावसाचीच, असंही धरू नका. मॅट वार्निशमध्ये चकाकी मारायला बारीक पूड असते, ती तळाला बसते. बाटली न हलवता वापरली तर आधी चकचकीत वार्निश निघतं आणि शेवटी शेवटी नुसती पांढरी पूड. जाड लावलं आणि घडीत साचलं तरी तेच. म्हणून साय फक्त घडीत असेल तर हात जाड पडलाय. सगळीकडे सारखी असेल तर हवा.

उपाय दोन्हीला एकच. चकचकीत वार्निश ब्रशने पातळ लावायचं. ते सायीतल्या बारीक पोकळ्यांत शिरतं आणि रंग परत दिसू लागतो. पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं. मग नीट हलवलेलं मॅट, दोन भागांना एक भाग पाणी घालून, पातळ एक हात. एका हाताने रंग परतला नाही तर दुसरा द्या, तिसऱ्यानंतर मात्र थांबा. तोवर बारकावे बुजायला लागतात.

पावसाळ्यात दोन हातांमधलं अंतर वाढवावंच लागतं. मेमध्ये दहा मिनिटांत वाळणारा रंग श्रावणात तासभर ओला राहतो, वरून वाळलेला वाटला तरी. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर आत पाणी अजून उडतंय. त्यावर वॉश टाकला तर खालचा रंग सुटून वर येतो. घाई असेल तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, एक हात लांबून. वाळत ठेवायला झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा आणि त्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल. तांदूळ घालून काही होत नाही, उगाच तांदूळ वाया.

पायाची चकती (मिनिएचर जिच्यावर उभी राहते ती) इन्स्टंट ग्लूने चिकटवली आणि लगेच डबा बंद केला तर ग्लूची वाफ दमट हवेत पांढरी पूड होऊन आसपास बसते. चिकटवून रात्रभर उघडं ठेवा. ओल्या पॅलेटला बुरशी येते: पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला आणि स्पंजखाली तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवा, इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायर सोलून निघते ती चालते. ब्रश पाण्याच्या पेल्यात उभे ठेवू नयेत. दांडा फुगतो, लाखेचा थर तडकतो आणि टिकल्या रंगात पडतात.

हिवाळा

कामाचा खरा हंगाम हाच. दिवाळी ते संक्रांत या काळात शक्य तेवढं प्रायमर आणि वार्निश उरकून घ्यावं, अगदी पुढच्या उन्हाळ्यात रंगवायच्या मिनिएचरचं प्रायमरसुद्धा. फक्त पौषातली पहाट टाळा. पारा दहाच्या खाली गेला की ॲक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर भुसभुशीत होतो. स्प्रेच्या डब्याचा दाब कमी होऊन मोठे थेंब उडतात, त्यासाठी डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. कोमट म्हणजे हात सुखाने बुडेल इतकंच, गॅसवर मुळीच नाही. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ उत्तम. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर कापसाची सरकी निघत असते त्या दिवसांत हवेत तंतू तरंगतात आणि ओल्या वार्निशवर बसतात. वार्निश लावलं की लगेच वर उलटा डबा झाकावा, खाली काडेपेटीची काडी टेकवून फट ठेवावी.

सगळंच मातकट: रंगसंगतीचा बिघाड

हवेचं सगळं सांभाळूनही तुकड्या एकसारख्या तपकिरी दिसतात, त्याचं कारण एकच तपकिरी वॉश. बाटली हाताशी असते, सगळ्यावर चालते, म्हणून केशरीवर, हिरव्यावर, पांढऱ्यावर तीच फिरते. सावलीचा रंग एक झाला की ऋतू पुसला गेला. प्रत्येक ऋतूला सावली वेगळी हवी, वरचा रंग त्यानंतर.

दुसरं कारण उसन्या ऋतूंचं. हा छंद आणि त्याचे खेळ थंड देशांतले, त्यामुळे तयार नमुन्यांत शरद म्हणजे गळती केशरी पानं आणि हिवाळा म्हणजे बर्फ. सातपुड्यात सागाची पानं माघ-फाल्गुनात गळतात, त्याच वेळी निष्पर्ण पळस पेटलेला असतो. केशरी-तपकिरी ही आपल्याकडे वसंताच्या तोंडाची जोडी. दिवाळीनंतर इकडे कापूस फुटलेला, ज्वारी निसवलेली, केळीच्या बागा हिरव्याकंच. बर्फाची तुकडी करायला हरकत काहीच नाही, कल्पनेतलीच पलटण आहे. पण मग ती शेजारच्या केशरी तुकडीपासून कशाने वेगळी दिसणार, हे आधी ठरवा.

इथे मोबाइलची परीक्षा. चारही तुकड्यांचा एक-एक शिपाई शेजारी ठेवून काळा-पांढरा फोटो काढा. चारही करडे दिसले तर फरक फक्त रंगछटेचा आहे, उजेड-अंधाराचा नाही, आणि टेबलावर चार फुटांवरून डोळ्याला उजेड-अंधारच आधी दिसतो. एक तुकडी गडद (पावसाळा), एक फिकट (कापूस किंवा ग्रीष्म), दोन मधल्या, असं वाटून घ्यावं.

*पळस.* काळ्या प्रायमरवर केशरी लावणं म्हणजे पाच-सहा थर आणि तरी मळकट. करडा किंवा पांढरा प्रायमर, त्यावर फिकट गुलाबी एक हात, मग केशरी दोन पातळ हात. गुलाबीवर केशरी तापतं, नुसत्या पांढऱ्यावर ते कच्चं लिंबू-नारिंगी दिसतं. सावलीला मरून आणि केशरी समान भाग, घडीच्या तळाला नुसता मरून. उजेडाला पांढरा घालू नका, पीच होईल. फिकट कातडीचा रंग केशरीत एकास तीन. पळसाचं फूल हातात घेऊन बघा: पाकळ्या केशरी-लाल, पण देठाकडची टोपी मखमली काळपट तपकिरी, किंचित शेवाळी. तोच रंग पट्ट्यांना, म्यानाला आणि भाल्याच्या दांड्याला द्या. शेजारी काळपट आल्याशिवाय केशरी पेटत नाही.

*पावसाळी हिरवा.* बाटलीतला हिरवा थेट लावला की प्लास्टिकचं खेळणं. दहा थेंब मध्यम हिरव्यात दोन थेंब लालसर तपकिरी घालून तो बसवायचा. सावली गडद निळ्याने, काळ्याने नव्हे. उजेड पिवळ्याने, तोही फक्त खांद्यावर आणि झग्याच्या वरच्या कडांवर. केळीच्या पानाची मधली शीर जशी फिकट पिवळट असते, तशी एकच रेघ झग्याच्या मध्यावर ओढली तर तुकडी लगेच ओळखू येते. धातू निळसर पोलादी.

*कापूस.* पांढऱ्याचा घोळ सगळ्यांचा होतो. पांढऱ्याचं रंगद्रव्य जड आणि दाट, जाड लावलं तर गुठळ्या, पातळ केलं तर चट्टे. पांढऱ्या झग्यात शुद्ध पांढरा दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. करडा प्रायमर, त्यावर फिकट उबदार करडा दोन हात, मग हस्तिदंती फक्त उंचवट्यांवर, आणि शेवटी कडांना पांढरा. घडीत निळसर करड्याचं ग्लेझ, एकास सहा. बोंड फुटल्यावर कापसाभोवती वाळकं तपकिरी कवच राहतं. कमरपट्टा आणि बूट त्या रंगाचे ठेवले की पांढरं बोडकं वाटत नाही.

*ग्रीष्म.* उन्हाने उडालेले, फिकट पिवळे-राखी रंग. इथे घात होतो तो सगळंच फिकट झाल्याने. सांध्यांत आणि डोळ्यांच्या खोबणीत जवळपास काळा तपकिरी घाला, आणि एखादी छोटी गोष्ट, ढालीवरची टिकली किंवा भाल्याचं फडकं, मोरपंखी ठेवा. बाकी काही करू नका.

ज्वारीची हेमंती तुकडी करणाऱ्यांनी पिवळ्याला गेरूचा पाया द्यावा आणि सावलीला जांभळट तपकिरी वापरावी. आणि भरताच्या वांग्याचा रंग म्हणून जांभळा काढू नका, इकडचं भरताचं वांगं हिरवं असतं.

हे सगळं करूनही चार तुकड्या एका राजाच्या वाटायला हव्यात. त्यासाठी ऋतूचा रंग फक्त झगा, ढाल आणि झेंड्यापुरता. सोन्या-पितळेचा रंग, चामडं, कातडी आणि चकतीची कड सगळ्या पलटणीला एकच.

फाल्गुनातला केशरी आणि श्रावणातला केशरी

मिसळलेला रंग पुन्हा तसाच जमत नाही, त्याला तीन कारणं. प्रमाण लिहिलेलं नसतं. ओला रंग जुळवला जातो, आणि ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. आणि दिवा बदललेला असतो. पिवळ्या बल्बखाली हस्तिदंती आणि पांढरा वेगळे दिसतच नाहीत, म्हणून रात्री केलेला कापूस सकाळी पिवळा निघतो. ५००० ते ६५०० केल्व्हिनचा, ९० च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एकच दिवा पलटण संपेपर्यंत वापरा.

पूर्ण तुकडीला पुरेल इतकं मुख्य मिश्रण एकदाच करून थेंबाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणं सगळ्यात सोपं. दहा मिली मिश्रणाला दोन स्टीलच्या गोळ्या आत टाका, पण स्टेनलेसच्या. साध्या लोखंडाच्या गंजतात आणि केशरी तपकिरी होतो. प्रत्येक मिश्रणाचा एक पांढरा प्लास्टिकचा चमचा: मिनिएचरला मारला तोच प्रायमर चमच्याला मारायचा, त्यावर अर्ध्या भागात नुसता रंग, अर्ध्यात वॉशसकट, आणि दांड्यावर थेंबांचं प्रमाण व वार्निशचं नाव. नवीन रंग जुळवताना वाळलेला चमचा वाळलेल्या चमच्याशीच ताडायचा. चकाकी वेगळी असली तरी रंग वेगळा वाटतो, म्हणून शेवटचा मॅट हात सगळ्या तुकड्यांना एकाच दिवशी, एकाच बाटलीतून द्यावा. तो दिवस डिसेंबरातला असेल हे वेगळं सांगायला नको.

पायाची चकती: काळी माती

शेतातली काळी माती चकतीवर लावायचा मोह सगळ्यांना होतो, आणि महिन्याभरात ती तडकून पापुद्र्यासारखी उठते. चूक फेव्हिकॉलची नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते. एप्रिलमध्ये शेताला भेगा पडतात तेच चकतीवर घडतं. पातळ प्लास्टिकची चकती तर ती वाकवतेसुद्धा. माती वापरायचीच तर ती तव्यावर अर्धा तास भाजून, चहाच्या गाळणीतून चाळून, तिच्या तिप्पट धुतलेल्या नदीच्या वाळूत मिसळून घ्या. त्याहून बरं म्हणजे नुसती वाळू लावून काळपट तपकिरी रंगवणं आणि करड्या तपकिरीचा ड्रायब्रश. ग्रीष्माच्या तुकडीला भेगाच हव्या असतील तेव्हा मात्र चाळलेली काळी माती एक भाग, फेव्हिकॉल अर्धा भाग, पाणी अर्धा भाग असा दोन मिलीमीटरचा थर जाड चकतीवर द्या, हळू वाळू द्या, आणि भेगा पडल्यावर पातळ वार्निश आत मुरवून बसवा. दोष तिथे कामाला येतो.

पावसाळी चकतीवर ओलावा दाखवायला सगळीकडे चकचकीत वार्निश नको, खड्ड्यांत तेवढं. वाळक्या गवताला काथ्याचे पाच-सहा मिलीमीटरचे तुकडे उत्तम. वापरलेली चहापूड गळल्या पानांसारखी छान दिसते, पण नीट न वाळवता लावली तर श्रावणात तिच्यावर बुरशी धरते. उन्हात दोन दिवस, मग तव्यावर दहा मिनिटं. बर्फासाठी खाण्याचा सोडा आणि फेव्हिकॉल हा जुना उपाय काही महिन्यांत पिवळा पडतो. त्याऐवजी संगमरवराची बारीक पूड आणि चकचकीत वार्निश.

सोलायची वेळ आली तर

नखाची परीक्षा नापास झाली, किंवा चेहरा बुजला, तरच. धातू आणि कडक प्लास्टिकची मिनिएचर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून टूथब्रशने घासावी. थ्रीडी प्रिंटच्या रेझिनला दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नये, ते मऊ पडतं आणि बारीक भाले तुटतात. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा आणि गॅस बंद.

रेझिनचा भाला उन्हाने वाकला असेल तर सोलायची गरज नाही: वाफाळत्या पण न उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, सरळ करून धरायचं, तसंच गार पाण्यात. प्रवासाला निघताना, विशेषतः अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत, मिनिएचर फोममध्ये गच्च भरून गाडीत ठेवू नका. तापल्यावर वार्निश मऊ होतं आणि फोमची जाळी झग्याच्या पाठीवर उमटते. चकतीखाली तीन मिलीमीटरचा चुंबक चिकटवून पत्र्याच्या डब्यात उभी न्यावी, आणि डबा सीटखाली, डिकीत नाही.